साखराबाईच्या मुठीचा डबा

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांची रांग असते. चहापत्तीचा, साखरेचा, तुरीच्या डाळीचा, शेंगदाण्याच्या कुटाचा. मी त्या रांगेत बसत नाही. मी पत्र्याचा जुना डबा आहे, आणि माझी जागा पिठाच्या पिंपाच्या वर, वेगळी आहे. माझ्यातला दाणा घरात कुणी खात नाही. रोज सकाळी पीठ मळायला घेण्याआधी घरची बाई माझ्यात मूठभर जवारी टाकते. ती मूठ देवाची.

रविवारी मला चर्चमध्ये नेतात. उपासना सुरू व्हायच्या आधीच सगळ्या घरांचे डबे वेदीपुढच्या टेबलावर मांडलेले असतात. कुणाचा स्टीलचा डबा, कुणाची प्लास्टिकची बरणी, एकीचं तर दुधाचं पातेलंच. पास्टर साहेब आमच्यावर हात धरून आशीर्वाद मागतात आणि मग आमच्यातलं धान्य एका पोत्यात ओततात. मंडळीत जे एकटे आहेत, आजारी आहेत, ज्यांच्या घरी आज चूल पेटेल की नाही याची शंका आहे, त्यांच्याकडे ते जातं. मी रिकामा होऊन घरी येतो. सोमवारी पुन्हा पहिली मूठ.

काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात मी एका घराचं देवाशी चाललेलं बोलणं ऐकलं. ते बंद पडलेलंही पाहिलं. आणि पुढे जे झालं, ते तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात होतं.

माझं पहिलं आयुष्य गोड्या तेलाचा डबा म्हणून गेलं. तेल संपलं आणि मी लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात, ईश्वरप्पा नावाच्या पत्रेवाल्याच्या दुकानापुढच्या ढिगात येऊन पडलो. ईश्वरप्पाने मला कातरीने कापलं, लाकडी मोगरीने ठोकून ठोकून गोल केलं, माझे सांधे कथलाने झाळले आणि वर कडीचं झाकण बसवलं. ठोकून घेणं काही सुखाचं नसतं. पण आपण कुणाच्या तरी उपयोगाचे होत आहोत हे कळलं की पत्र्यालाही धीर येतो.

मला न्यायला आली ती साखराबाई. शेतात मजुरीला जाणारी बाई, अंगाने काटक, बोलायला मोकळी.

"ईश्वरप्पा, झाकण गच्च बसू द्या. देवाचा दाणा हाय, किडा लागाय नको."

"बाई, ह्या झाकणापशी मुंगी येईल, नमस्कार करील अन् माघारी जाईल."

"मंग तुमच्या गल्ल्यापशी ही मुंग्यांची जत्रा कशाची भरून राहिली?"

ईश्वरप्पा हसला आणि त्याने झाकण आणखी एकदा ठोकून दिलं. ते आजही गच्च बसतं.

साखराबाईचं घर म्हणजे मुरुडच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या. नवरा लवकर गेलेला, अंगद नावाचा एकुलता एक मुलगा. सकाळी चूल पेटवली की ती पोत्यातून मूठभर जवारी घ्यायची, माझं झाकण काढायची आणि मूठ माझ्यावर धरायची. पण ती लगेच उघडायची नाही. आधी बोलायची.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मोठी प्रार्थना करत असेल. तसं काही नव्हतं. शेजारणीशी बोलावं तसं ती बोलायची. "देवबापा, आज हरभरा काढाय जायचंय. कंबर धरून राहिली, जरा बघ." किंवा, "अंगदला ताप हाय. मी कामाला जाते, तू त्याच्यापशी बस." तिचं बोलणं झालं की मूठ उघडायची आणि दाणे माझ्यात पडायचे.

कधी ती रुसायचीसुद्धा. एकदा तिने झाकण जरा जोरातच काढलं. "आज माझा तुझ्यावर राग हाय देवबापा. मूठ टाकते, पण बोलणार न्हाई." मूठ तशीच माझ्यावर धरलेली. थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "बोलणार न्हाई म्हणले, पण एवढं मातर सांगते," आणि मग चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटलं तरी तिचं सांगणं संपलं नाही.

मंडळीतल्या बायका तिला विचारायच्या, साखराबाई, मूठ केवढी असावी. ती म्हणायची, "केवढी बी चालते. न्हाई जवारी तर चिमूटभर पीठ चालतं. पण बोलल्याबिगर टाकायची न्हाई. मुका दाणा कोंबड्यांला टाकतेत."

अशी बरीच वर्षं गेली. माझा रंग उडाला, एका बाजूला पोचा आला. पण माझं पोट रोज त्या बोलण्याने भरायचं, म्हणून मला म्हातारपण जाणवलं नाही.

मग अंगदचं लग्न झालं. सून आली बिलोलीकडची, नाव बबिता. आमच्याकडे रीत अशी, की जी पीठ मळते तिनेच मूठ टाकायची. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी साखराबाईने मला उचलून बबिताच्या हातात दिलं.

"बबिता माय, ह्या घरची मूठ आता तुझी."

बबिता सासूला आत्याबाई म्हणते. तिने मूठ भरली आणि तशीच उभी राहिली. "काय बोलू आत्याबाई? मला लई लाज वाटून राहिली."

"घरात काय चाललंय ते सांग. त्याला ठावं असतंय, पण तुझ्या तोंडून ऐकाय त्याला गोड लागतंय."

बबिता हळू आवाजात म्हणाली, "देवबापा, मला बिलोलीची आठवण येऊन राहिली." आणि एकदम रडलीच. साखराबाई पाठमोरी होऊन चुलीतली लाकडं सारत बसली. सुनेचं देवाशी चाललेलं बोलणं चालू द्यावं, मधे पडू नये, एवढी तिला समज होती.

त्यानंतर बबिता रोज बोलू लागली. तिची लेक सृष्टी हिच्या वेळी दिवस गेले, ते घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं.

पुढे अंगदला लातूरला पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात काम मिळालं आणि आम्ही सगळे लातूरला आलो. दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची. साखराबाईची लोखंडी खाट स्वयंपाकघराच्या दारातच टाकलेली. आमच्या गल्लीत शिकवणीला आलेली पोरं खोल्या करून राहतात. त्यांना घरचं जेवण हवं असतं. बबिताने चार पोरांचे डबे सुरू केले. तिच्या हाताला चव होती. बघता बघता तिची मेस झाली.

मित्रांनो, बबिता वाईट नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो. ती पहाटे उठायची, गॅसवर वरणाचा कुकर चढवायची, परातीत कणकेचा डोंगर मळायची. पहिल्यांदा तिचं बोलणं आखूड झालं. मग मूठ टाकताना ती फक्त "देवबापा" म्हणायची आणि बाकीचं नंतर बोलते असं म्हणून वळायची. नंतर कधी यायचं नाही. मग मूठही राहू लागली. सोमवारची राहिली की मंगळवारी दोन. शेवटी तिने एक सोपी वाट काढली. शनिवारी संध्याकाळी, पोरांचे डबे गेले की ती मापटं घ्यायची, पोत्यातून भरून माझ्यात ओतायची आणि झाकण लावायची. आठवड्याचं काम एका दमात.

साखराबाईने ते खाटेवरून पाहिलं. म्हणाली, "काय गं, देवाला बी मेस लावलीस का? हप्त्याचा डबा एकदमच?"

बबिताही काही कमी नव्हती. "मेसची पोरं तरी कुरकूर करतेत आत्याबाई, देव करत न्हाई. सात दिवसांच्या मुठी त्या तेवढ्याच. उलट माझं माप जास्तीच हाय."

"माप जास्ती हाय, हाव," साखराबाई म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

खरंच, मी पूर्वी कधी एवढा भरलो नव्हतो. रविवारी पास्टर साहेब मला दोन्ही हातांनी उचलायचे आणि म्हणायचे, "बबिताताईंचा डबा बघा. कामात असूनसुद्धा हात आखडला नाही." बायका वळून बघायच्या. बबिता मान खाली घालायची. मलाही आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कौतुक कुणाला नको असतं? पण सोमवार ते शनिवार माझं झाकण कुणी काढायचं नाही. त्याच्यावर पिठाची धूळ बसायची. ज्याला रोज कुणीतरी काही सांगत होतं, त्याला आठवडाभर कुणी हाक मारू नये, हे फार जड जातं. आत दाणे होते, आवाज नव्हता.

तरी घर मुकं झालं नव्हतं. कारण मूठ सुनेची झाली असली तरी साखराबाईने बोलणं सोडलं नव्हतं. सकाळी बबिताने परात खाली ठेवली की खाटेवर ती उठून बसायची, रिकामीच मूठ वळायची आणि बोलायची. बबिता कणीक मळता मळता ऐकायची. तिच्या मनात काय चालायचं हे पुढे तिच्याच तोंडून मी ऐकलं. तिला वाटायचं, आत्याबाई बोलतात ना, मग घराचं भागलं.

एका सकाळी साखराबाई नेहमीसारखी बोलत होती. "देवबापा, ह्या पोरीचे हात बघ, मळून मळून..." आणि पुढचा शब्द आला नाही. बबिताने वळून पाहिलं तर साखराबाईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ती खाटेवर कलंडत होती.

दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा तिची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही गेली होती. सगळं कळायचं तिला. डोळे तसेच होते. पण तोंडातून "आं, आं" याच्यापलीकडे काही यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, व्यायाम करून घ्या, काही शब्द येतीलही.

सृष्टी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिने आईला विचारलं, "मम्मी, आता आपल्या घरातून देवाशी कोण बोलणार?"

बबिताच्या हातातलं लाटणं थांबलं. "देव सगळं जाणतो बाळा," ती म्हणाली. पण त्या रात्री जेवणाआधी ती डोळे मिटून बसली, ओठ हलले, आणि पाठ असलेलं सगळं म्हणून झालं तरी तिचा चेहरा तसाच कोरडा राहिला. ज्या घरी वर्षभर गेलो नाही त्या घराच्या दारात उभं राहावं आणि कडी वाजवायला हात उठू नये, तसं तिचं झालं होतं.

आणि मग ती मूठ सुरू झाली.

रोज सकाळी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, साखराबाई आपली चांगली, डावी मूठ वर उचलायची आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची. ठक. ठक. "आं, आं." डोळे स्वयंपाकघराकडे. बबिता धावत जायची. पाणी हवं का? नाही. चहा? नाही. पाठीला उशी? मान हलायची, नाही. मूठ पुन्हा ठक.

अंगद म्हणाला, "आई डॉक्टरनं दिलेला बॉल मागून राहिली. व्यायामाचा. मूठ वळून दाबायचा असतोय तो." त्याने रबरी चेंडू आणून आईच्या हातात दिला. साखराबाईने तो असा फेकला, की थेट बाहेर जाऊन शेजारच्या सिंधूवहिनींच्या अंगणात पडला.

सिंधूवहिनी शिरूर अनंतपाळच्या. त्यांच्या घरी तिकडे शेती आहे, इकडे मुलांच्या शिक्षणासाठी राहतात. चेंडू द्यायला त्या आल्या आणि खाटेपाशीच बसल्या. साखराबाईची मूठ बघून म्हणाल्या, "अगं बबिता, तुला कसं कळंना? मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक म्हणतेत त्या. दिष्ट लागली म्हणतेत."

"आमच्यात न्हाई करत ते, वहिनी."

"तुमच्यात न्हाई करत, पण त्या तर मूठ वळूनच राहिल्या की."

सिंधूवहिनींनी साखराबाईकडे पाहिलं. साखराबाईने असे डोळे वटारले, की वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "न्हाई बाई, दिष्ट न्हाई. ह्यांचीच दिष्ट मला लागंल." त्यांनी साखराबाईच्या पायाला हात लावला आणि गेल्या. तेवढ्यापुरती बबिताही हसली.

पण सकाळ झाली की पुन्हा ती मूठ. बबिताला वाटू लागलं, आत्याबाई रागावल्या आहेत. आपल्याला मूठ दाखवतात. मेसच्या मागे लागून आपण त्यांच्याकडे बघत नाही, म्हणून. तिने एक-दोनदा मनातला वैतागही बाहेर काढला. "दोनच हात हायेत मला आत्याबाई. काय पाहिजे ते कळू तरी द्या." साखराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मूठ खाली गेली.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. मी तिच्यासमोरच, फळीवर होतो. तिचे डोळे माझ्याकडेच लागलेले होते. तिला भीती कशाची होती तेही मला ठाऊक होतं. देवाशी बोलल्याशिवाय तिचा एक दिवस कधी उजाडला नव्हता. आता तिला बोलता येत नव्हतं, आणि ज्या सुनेच्या हाती तिने मूठ दिली होती तिचं तोंड तिच्याही आधी बंद झालं होतं. पण मी सांगणार कसा? खाटेवर ती मुकी, फळीवर मी मुका.

दिवाळीच्या सुट्टीला मेसची पोरं आपापल्या गावी गेली. त्या दिवशी सकाळी परात निघालीच नाही. बबिताने नुसता चहा केला आणि खाटेपाशी बसून सासूला चमच्याने पाजला. साखराबाईला मधेच ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. बबिता घाबरून पाठ चोळत राहिली. ठसका थांबला. पण मूठ काही उठली नाही. बबिताने घर झाडलं, कपडे धुतले. सकाळ सरली तरी साखराबाई शांत पडून होती.

"आज राग गेला वाटतं," बबिता म्हणाली.

ऊन अंगणात आल्यावर ती घरापुरत्या भाकरी करायला बसली. तिने ओट्याखालून परात ओढली आणि खाली ठेवली. ठण्ण आवाज झाला.

ठक. ठक. "आं, आं."

बबिताने सासूकडे पाहिलं. परात उचलून तिने पुन्हा ओट्याखाली सारली. मूठ हळूच खाली गेली. तिने परात बाहेर काढून ठेवली. मूठ वर आली.

बबिता तशीच उकिडवी बसून राहिली. परातीकडे पाहिलं. पिठाच्या पिंपाकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी कुणी माझ्याकडे असं पाहत होतं!

ती उठली. मला खाली काढलं, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि खाटेपाशी आणलं.

"आत्याबाई, हे?"

साखराबाईचे डोळे घळाघळा वाहू लागले. पण चेहरा हसरा होता, एकाच बाजूने का होईना.

बबिताने झाकण काढलं. पोत्यातून जवारी आणून सासूच्या डाव्या तळहातावर ठेवली. तिचा हात धरून माझ्यावर आणला. साखराबाईने बोटं मिटली.

"टाका आत्याबाई."

मूठ उघडली नाही.

"टाका की. मी धरलाय डबा."

साखराबाईने मान हलवली. ती सुनेकडे बघत राहिली, नुसती बघत राहिली. मूठ माझ्यावरच धरलेली. डाव्या हाताला सवय कुठली? बोटांच्या फटीतून एक-एक दाणा निसटून खाली गोधडीवर पडू लागला.

मग बबिताला कळलं. या घरात बोलल्याशिवाय मूठ उघडत नाही.

"मी बोलू?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला न्हाई येत आत्याबाई. लई दिवस झाले. आता कोणत्या तोंडानं बोलू?"

साखराबाईची नजर हलली नाही. दाणे निसटतच होते. त्या हातात आणखी फार वेळ जोर टिकणार नाही, हे मलाही दिसत होतं आणि बबितालाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल गं माय, काहीपण बोल.

बबिताने डोळे मिटले.

"देवबापा," ती म्हणाली. "मी बबिता. लई दिवसानं आले. मला वाटलं, आत्याबाई बोलतेत तर माझं भागलं. मी दाणेच टाकत गेले." तिने नाक ओढलं. "आज घरात कांदे न्हाईत. पोरं गेलीत तर घर मोकळं मोकळं वाटून राहिलं. सकाळी आत्याबाईला चहा ठसकला, मी लई भेले. मागं त्यांच्यावर चिडले बी होते, ते तू ऐकलंच असशील. त्या रागानं मूठ दाखवतेत असं समजून बसले होते मी. देवबापा, मला काही मोठं बोलता येत न्हाई. तू ऐकून राहिलास ना?"

साखराबाईची बोटं सैल झाली. दाणे माझ्यात पडले. थोडेच होते, बुडालाच लागले. पण त्यांचा आवाज मला आतून आतपर्यंत ऐकू आला.

अंगद जेवायला घरी आला तर बायको आणि आई दोघी रडत होत्या. तो दारातच थांबला. "काय झालं? परत बॉल फेकला का?"

बबिता पदराने डोळे पुसत हसली. "बॉल जाऊ द्या. बसा, भाकरी टाकते."

सुट्टी संपली, पोरं परत आली, मेस सुरू झाली. काम होतं तेवढंच होतं. पण परात खाली ठेवली की बबिता आधी मला खाली घ्यायची, सासूच्या हातात दाणे द्यायची आणि तिच्या हाताखाली आपला हात धरायची. कधी लांबलचक बोलायची. कधी एकच वाक्य. "देवबापा, आज उशीर झालाय, पण आले." तेवढंही चालायचं. कणीक थोडा वेळ थांबायची. तेवढ्याने कोणत्याही पोराचा डबा चुकला नाही.

शनिवारी संध्याकाळी सवयीने तिने मापटं हातात घेतलं. माझ्यात डोकावली. साखराबाईच्या हातून निम्मे दाणे सांडत, त्यामुळे माझं बूडही नीट झाकलं नव्हतं. बबिता जरा थांबली. रविवारी टेबलावर सगळ्यांसमोर मला ठेवायचं होतं, हे तिच्या मनात आलंच असणार. मग तिने मापटं परत पोत्यात टाकलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.

रविवारी पास्टर साहेबांनी मला उचलायला दोन्ही हात पुढे केले आणि मी एकाच हातात आलो. त्यांनी आत पाहिलं. बायकाही बघत होत्या.

"ताई, या वेळी डबा हलका आहे. घरी सगळं बरं आहे ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

"बरं हाय, पास्टर साहेब," बबिता म्हणाली. "या हप्त्यात बोलणं लई झालं."

पास्टर साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी मला खाली ठेवलं आणि त्या मूठभर दाण्यांवर हात धरून जरा जास्त वेळ डोळे मिटले.

मला माहीत आहे, ज्यांच्या घरी ते धान्य जातं त्यांना जास्त दाणे हवेच असतात. बबिताही ते विसरली नाही. मेसच्या तांदळातून ती आता त्यांच्यासाठी वेगळी पिशवी बांधते आणि स्वतः नेऊन देते, दोन शब्द बोलून येते. पण ती पिशवी वेगळी आणि माझी मूठ वेगळी.

मित्रांनो, मी काही फार दिवसांचा सोबती नाही. माझ्या बुडाला गंज चढलाय, अंगदने एकदा ते झाळून आणलंय, पण पत्रा तो पत्रा. माझ्या जागी उद्या स्टीलचा डबा येईल, येऊ दे. मला जपा असं मी म्हणणार नाही. जपायचं ते निराळंच आहे. देवाशी बोलणं आठवड्याचं साठवून ठेवू नका. शिळी भाकर पोटात जाते, पण शिळं बोलणं मनात जात नाही. आणि घरात आई बोलते, आजी बोलते, म्हणून आपल्याला सुट्टी, असंही समजू नका. तो तुमचा आवाज ओळखतो, आणि तो ऐकू आला नाही तर वाट बघतो. चांगले शब्द सापडत नसतील तर घरातले कांदे संपले म्हणून सांगा. सुरुवात तिथूनही होते. फार दिवसांनी गेलात म्हणून दार लावून घेणारा तो नाही.

साखराबाईचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. ती अजून खाटेवरच आहे. पण डॉक्टर म्हणाले होते तसा एक शब्द परत आलाय. बबिताचं बोलून झालं की ती म्हणते, "हाव." आमेन तिला जमत नाही, तिथे ती हाव म्हणते, म्हणजे आमच्याकडचं होय. त्या एका शब्दासाठी बबिता आपलं बोलणं कधीकधी मुद्दाम लांबवते, असा मला संशय आहे.

आज सकाळची गोष्ट. बबिता गॅसपाशी अडकली होती, दूध उतू जात होतं. सृष्टी शाळेच्या कपड्यांत खाटेपाशी आली. तिने स्वतःच पोत्यातून दाणे घेतले, आजीच्या मुठीवर आपली इवलीशी मूठ ठेवली आणि माझ्यावर धरली.

"देवबापा," ती म्हणाली, "मला आज काही पाहिजे न्हाई. नुसतंच बोलायला आले."

खाटेवरून आवाज आला, "हाव."

आणि दोघींच्या मुठी एकदमच उघडल्या.